नॉर्थ ब्रँच पुनर्स्थापन प्रकल्प

नॉर्थ ब्रँच पुनर्स्थापन प्रकल्प हा अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराच्या परिसरात स्वयंसेवकांनी चालवलेला परिसंस्था पुनर्स्थापनाचा उपक्रम आहे. शिकागो नदीच्या उत्तर शाखेच्या काठाने कुक काउंटीची सार्वजनिक राखीव वने पसरलेली आहेत. या वनांतील मूळ गवताळ प्रदेशांचे (प्रेअरी) व विरळ ओकवनांचे (सॅव्हाना) अधिवास पुन्हा उभे करणे हा या उपक्रमाचा उद्देश होय. इ.स. १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकार्ड यांच्या पुढाकाराने 'नॉर्थ ब्रँच प्रेअरी प्रकल्प' या नावाने त्याची सुरुवात झाली. शहरी वस्तीला लागून असलेल्या सार्वजनिक उद्यानात सामान्य नागरिकांनी दीर्घकाळ केलेल्या अधिवास पुनर्स्थापनाचे हे सुरुवातीच्या व सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. परकी झुडपे तोडणे, स्थानिक वनस्पतींचे बी गोळा करून पेरणे आणि नियंत्रित आग लावणे ही या कामाची मुख्य अंगे आहेत. १९९६ मध्ये याच कामावरून शिकागो परिसरात मोठा सार्वजनिक वाद झाला. जंगलातील झाडे तोडून निसर्गाचे रक्षण करता येते का, आणि सार्वजनिक जमिनीवरील निसर्ग कसा असावा हे कोणी ठरवायचे, हे दोन प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होते.

## पार्श्वभूमी

### मूळ भूदृश्य

युरोपीय वसाहतकार येण्यापूर्वी इलिनॉयच्या मोठ्या भागावर उंच गवताची प्रेअरी होती. या राज्याला आजही 'प्रेअरी राज्य' असे टोपणनाव आहे. 'बिग ब्लूस्टेम' व 'इंडियन ग्रास' यांसारखी गवते येथे माणसाच्या उंचीपेक्षाही वर वाढत आणि त्यांच्यामध्ये अनेक प्रकारच्या फुलझाडांची दाटी असे. प्रेअरी आणि दाट वन यांच्या दरम्यान विरळ ओकवृक्षांचा पट्टा असे. तेथे झाडांमधून पुरेसा सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचत असल्यामुळे खाली गवत व फुलझाडे वाढत. या भूदृश्याला सॅव्हाना म्हणतात. जुने वसाहतकार त्याला 'बॅरन्स' म्हणत.

ही दोन्ही भूदृश्ये टिकून राहण्यात आगीचा मोठा वाटा होता. पोटावाटोमी व इतर मूलनिवासी लोक शिकार सुलभ व्हावी, नवे गवत यावे आणि प्रवासाचा मार्ग मोकळा राहावा यासाठी नियमितपणे गवत पेटवत असत. प्रेअरीतील गवतांचा व फुलझाडांचा बहुतांश जीवभाग जमिनीखाली मुळांत असतो. त्यामुळे वरचा भाग जळाला तरी वनस्पती मरत नाही. 'बर ओक' या वृक्षाची साल जाड व बुचासारखी असल्याने तोही साधारण आगीत तग धरतो. पातळ सालीची झाडे व झुडपे मात्र वारंवार जळत, म्हणून त्यांचा प्रसार मर्यादित राहत असे.

### ऱ्हास

१८३३ च्या शिकागो तहानंतर पोटावाटोमींना हा प्रदेश सोडावा लागला. त्याच दशकात, १८३७ मध्ये, जॉन डीअर यांनी इलिनॉयमध्ये पोलादी फाळाचा नांगर तयार केला. चिकट काळी माती त्याला चिकटत नसल्याने प्रेअरी नांगरणे सोपे झाले आणि काही दशकांत तिचे मक्याच्या शेतांत रूपांतर झाले. १९७० च्या दशकात झालेल्या राज्यव्यापी नैसर्गिक क्षेत्र गणनेत असे आढळले, की मूळच्या सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरीपैकी उत्तम स्थितीतील प्रेअरी केवळ अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. जे तुकडे वाचले ते मुख्यतः रेल्वेमार्गांच्या कडेला, जुन्या दफनभूमींत आणि नांगर पोहोचू न शकलेल्या जागी होते. सॅव्हानाची स्थिती याहून वेगळी नव्हती. १९८० च्या दशकातील एका पाहणीनुसार मध्यपश्चिम अमेरिकेतील उत्तम प्रतीच्या ओक सॅव्हानापैकी सुमारे ०.०२ टक्के क्षेत्रच शिल्लक होते.

### कुक काउंटीची राखीव वने

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वेगाने वाढणाऱ्या शिकागोभोवती मोकळी जागा राखून ठेवावी, यासाठी वास्तुविशारद ड्वाइट पर्किन्स व उद्यानरचनाकार येन्स येन्सेन यांनी मोहीम चालवली. १९१३ मध्ये राज्याने कायदा केला, १९१४ मध्ये मतदारांनी त्यास मान्यता दिली आणि 'कुक काउंटी वनराखीव जिल्हा' अस्तित्वात आला. आज त्याच्याकडे सुमारे ७० हजार एकर (सुमारे २८ हजार हेक्टर) जमीन आहे. या जमिनी शक्य तितक्या नैसर्गिक स्थितीत राखणे व पूर्ववत करणे, आणि लोकांचे शिक्षण, आनंद व मनोरंजन यांसाठी त्या उपलब्ध ठेवणे, असा हेतू मूळ कायद्यातच नमूद आहे. 'नैसर्गिक स्थिती' म्हणजे काय, हा पुढील वादाचा कळीचा मुद्दा ठरला.

जमीन विकत घेतली गेली आणि बांधकामापासून वाचली. तिच्यावरील आग मात्र थांबली होती. संरक्षण म्हणजे हात न लावणे, अशी त्या काळची समजूत होती. आगीअभावी मोकळ्या जागी झुडपे माजली. त्यांत मूळच्या युरोपातील 'बकथॉर्न' या झुडपाचा वाटा सर्वांत मोठा होता. कुंपणासाठी आणलेल्या या झुडपाला वसंतात इतरांच्या आधी पालवी फुटते आणि शरद ऋतूत त्याची पाने उशिरापर्यंत हिरवी राहतात. पक्षी त्याची काळी फळे खातात व बिया दूरवर टाकतात. त्याच्या गर्द सावलीत फुलझाडे तर नाहीशी झालीच, पण ओकची रोपेही जगेनाशी झाली. जुने ओकवृक्ष उभे होते, परंतु त्यांची जागा घेणारी पुढची पिढी तयार होत नव्हती.

## स्थापना

सामाजिक चळवळींत काम केलेले स्टीव्ह पॅकार्ड हे १९७० च्या दशकात शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठच्या वनांतून सायकलने फिरत असत. झुडपांनी वेढलेल्या लहान लहान मोकळ्या जागांत प्रेअरीतील दुर्मीळ वनस्पती अजूनही तग धरून असल्याचे त्यांच्या लक्षात आले. या जागा दरवर्षी आक्रसत होत्या. पॅकार्ड हे प्रशिक्षित वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट बेट्झ हे त्या काळी प्रेअरीच्या अभ्यासातील व पुनर्स्थापनातील अग्रणी होते. त्यांचे मार्गदर्शन घेऊन आणि वनराखीव जिल्ह्याची परवानगी मिळवून १९७७ मध्ये पॅकार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाला सुरुवात केली.

पुनर्स्थापनाची कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात १९३० च्या दशकातच प्रेअरी पुन्हा उभी करण्याचा प्रयोग सुरू झाला होता व अल्डो लिओपोल्ड यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. परंतु तो विद्यापीठाचा प्रयोग होता आणि त्यासाठी सरकारी रोजगार योजनेतील मजूर उपलब्ध होते. उत्तर शाखेच्या काठी मात्र हे काम सुट्टीच्या दिवशी जमणारे शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी व इतर शेजारी करू लागले. जमिनीची मालकी शासकीय संस्थेकडे आणि श्रम नागरिकांचे, अशी ही रचना होती. १९८३ पासून 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या इलिनॉय शाखेने हेच प्रारूप 'स्वयंसेवक संवर्धन जाळे' या नावाने राज्यातील इतर ठिकाणी नेले.

## सॅव्हानाचा 'पुनर्शोध'

सुरुवातीची काही वर्षे स्वयंसेवक झुडपे काढून त्या जागी प्रेअरीचे बी पेरत होते. मोकळ्या उन्हात ते रुजले, परंतु जुन्या ओकवृक्षांच्या खालच्या अर्धसावलीत हे बी टिकेना. त्याच जागी काही वेगळ्याच वनस्पती जोमाने वाढताना दिसू लागल्या. त्यांपैकी अनेक वनस्पतींना तोपर्यंत प्रेअरीच्या किंवा वनाच्या कडेला उगवणाऱ्या किरकोळ जाती समजले जात होते. या वनस्पती एका स्वतंत्र परिसंस्थेच्या घटक असाव्यात, असा तर्क पॅकार्ड यांनी केला.

या तर्काला आधार देणारी सामग्री एका जुन्या नोंदीत सापडली. इलिनॉयमधील डॉक्टर व वनस्पतिसंग्राहक सॅम्युएल मीड यांनी १८४६ मध्ये राज्यातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यात प्रत्येक वनस्पतीपुढे तिचा अधिवास संक्षेपाने नोंदवला होता. ज्या वनस्पतींपुढे 'बॅरन्स' असा निर्देश होता, त्यांचे ओकवृक्षांखाली टिकणाऱ्या वनस्पतींशी मोठ्या प्रमाणात साम्य आढळले. त्यानंतर अर्धसावलीतील जागांसाठी बियांचे वेगळे मिश्रण तयार करण्यात येऊ लागले. १९८८ मध्ये पॅकार्ड यांनी हा अनुभव लेखरूपाने मांडला.

हा निष्कर्ष सर्वमान्य झाला नाही. १९९२ मध्ये जॉन मेंडेलसन व सहलेखकांनी त्याच नियतकालिकात टीकात्मक लेख लिहून पुढील प्रश्न उपस्थित केले: एखादी जागा पूर्वी सॅव्हानाच होती याचा पुरावा पुरेसा आहे का, शंभर-दीडशे वर्षांत तेथे तयार झालेल्या वनाला काहीच मूल्य नाही का, आणि भूतकाळातील नेमका कोणता क्षण आदर्श मानायचा? चार वर्षांनंतर उसळलेल्या सार्वजनिक वादाची बीजे या विद्वच्चर्चेत दिसतात.

## कार्यपद्धती

### झुडपे काढणे

हे काम प्रामुख्याने हिवाळ्यात चालते. या काळात जमीन गोठलेली असल्याने तुडवणुकीने नुकसान कमी होते व सुप्तावस्थेतील वनस्पतींना धक्का लागत नाही. बकथॉर्न व परकी हनीसकल ही झुडपे हातकरवतीने किंवा यंत्रकरवतीने बुंध्याशी कापतात. नुसते कापल्यास बकथॉर्नच्या खुंटातून अनेक नवे फुटवे येतात व झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते. म्हणून कापलेल्या खुंटाच्या ताज्या पृष्ठभागावर तणनाशक लावले जाते. ते केवळ प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीच हाताळतात. कापलेल्या फांद्यांचे ढीग जागेवरच जाळतात. बर्फात पेटवलेल्या या शेकोट्यांभोवती जमणे हा स्वयंसेवकांच्या सामुदायिक जीवनाचा भाग बनला असून, सॉम वुड्स येथे हिवाळी अयनदिनी मोठी होळी पेटवण्याची प्रथा पडली आहे.

### तण उपटणे

वसंतात 'गार्लिक मस्टर्ड' हे मोहरीच्या कुळातील युरोपीय तण हाताने उपटतात. हे तण पहिल्या वर्षी जमिनीलगत पाने धरते व दुसऱ्या वर्षी फुलून हजारो बिया टाकते. त्यामुळे बी पडण्यापूर्वी ते उपटणे आवश्यक असते. जमिनीतील बी अनेक वर्षे जिवंत राहत असल्याने एकाच जागी वर्षानुवर्षे परत यावे लागते.

### बी गोळा करणे व पेरणे

उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून शरद ऋतूच्या अखेरपर्यंत बी गोळा केले जाते. जवळपासच्याच अवशिष्ट जागांतून बी घ्यावे आणि कोणत्याही जागेवरील सर्व बी काढू नये, हे नियम पाळले जातात. दूरच्या प्रदेशातील बी त्याच जातीचे असले तरी स्थानिक हवामानाशी जुळवून घेतलेले नसते, हे पहिल्या नियमामागील कारण होय. गोळा केलेले बी वाळवतात, मळतात आणि जमिनीची ओल व सावलीचे प्रमाण पाहून त्यांची वेगवेगळी मिश्रणे करतात. अनेक जातींच्या बियांना रुजण्यापूर्वी थंडीचा काळ आवश्यक असल्यामुळे पेरणी हिवाळ्यापूर्वी किंवा हिवाळ्यात केली जाते.

### नियंत्रित आग

वसंत किंवा शरद ऋतूत, वारा व आर्द्रता अनुकूल असलेल्या दिवशी प्रशिक्षित चमू ठरावीक क्षेत्र पेटवतो. त्याआधी भोवती जाळरेषा काढल्या जातात. आगीमुळे झुडपांचे कोवळे फुटवे जळतात, वाळलेल्या पाल्याचा थर नाहीसा होतो आणि काळी पडलेली जमीन लवकर तापल्याने स्थानिक गवताला जोम येतो. आगीत कीटक मरण्याचा धोका असल्याने संपूर्ण जागा एकाच वेळी न जाळता भागाभागाने जाळण्याची शिफारस केली जाते.

## पांढऱ्या झालरीचे ऑर्किड

या परिसरातील स्वयंसेवी कामाचे एक परिचित उदाहरण म्हणजे 'ईस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड' या वनस्पतीचे संवर्धन. एकेकाळी प्रेअरीत विपुल असलेले हे पांढऱ्या झालरदार पाकळ्यांचे ऑर्किड १९८९ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली धोकाग्रस्त म्हणून घोषित झाले. त्याचे परागण हॉकमॉथ जातीचे निशाचर पतंग करतात. वनस्पतींची संख्या घटून त्या एकमेकींपासून दूर पडल्या, की हे परागण अनिश्चित होते. म्हणून स्वयंसेवक दात कोरण्याच्या काडीने एका फुलातील परागपुंज उचलून दुसऱ्या फुलावर ठेवतात. धुळीइतक्या बारीक बिया नंतर योग्य जागी पसरल्या जातात. या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. त्यामुळे पेरणी व फुलणे यांच्यामध्ये अनेक वर्षे जातात. सॉम येथील प्रेअरीत या पद्धतीने ऑर्किड पुन्हा फुलले.

## १९९६ चा वाद

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शिकागो परिसरातील पुनर्स्थापनाचे काम विस्तारले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार विल्यम स्टीव्हन्स यांनी १९९५ मध्ये या प्रकल्पावर 'मिरॅकल अंडर द ओक्स' हे पुस्तक लिहिले. १९९६ मध्ये 'शिकागो वाइल्डरनेस' ही आघाडी स्थापन झाली. त्याच वर्षी 'शिकागो सन-टाइम्स'चे स्तंभलेखक रेमंड कॉफी यांनी राखीव वनांत मोठ्या प्रमाणावर झाडे तोडली जात असल्याची टीका करणारे लेख लिहिले. नदीच्या काठी राहणाऱ्या अनेक रहिवाशांनी त्यास पाठिंबा दिला व विरोधी गट संघटित झाले.

विरोधकांचे आक्षेप अनेक प्रकारचे होते. निरोगी झाडे तोडणे व काही झाडांची साल कंकणाकृती सोलून त्यांना उभ्या उभ्या मरू देणे त्यांना अमान्य होते. तणनाशकांचा वापर, आगीचा धूर व हरणांची संख्या कमी करण्याचे उपाय यांविषयी चिंता होती. रस्त्याचा आवाज व दृश्य अडवणारी झुडपांची भिंत नाहीशी होणे, हे घरालगत राहणाऱ्यांचे प्रत्यक्ष नुकसान होते. मात्र सर्वांत महत्त्वाचा आक्षेप प्रक्रियेविषयी होता. सार्वजनिक जमिनीवर काय राहावे व काय तोडावे हे मोजक्या लोकांनी ठरवले आणि शेजाऱ्यांना आधी विचारले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वनात त्यांचे बालपण गेले, ते वन 'आजारी' आहे हे त्यांना मान्य नव्हते.

पुनर्स्थापनाच्या समर्थकांचा युक्तिवाद असा होता, की हिरवे दिसणारे प्रत्येक वन निरोगी नसते. बकथॉर्नच्या दाटीत ओकची रोपे मरत असतील, तर काहीही न करणे हाही एक निर्णयच असून त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. शेकडो स्थानिक जातींचे अस्तित्व या मोजक्या जागांवर अवलंबून असल्याचे ते निदर्शनास आणत. त्याच वेळी, आपण लोकांना पुरेशी माहिती दिली नाही, ही उणीव अनेक स्वयंसेवकांनी मान्य केली.

सप्टेंबर १९९६ मध्ये कुक काउंटी मंडळाचे अध्यक्ष जॉन स्ट्रोजर यांनी पुनर्स्थापनाच्या कामाला स्थगिती दिली. सार्वजनिक सुनावण्यांनंतर ती पुढे टप्प्याटप्प्याने उठवण्यात आली. काम पुन्हा सुरू झाले तेव्हा आराखड्यांची छाननी, पूर्वसूचना व झाडे तोडण्यावरील मर्यादा यांविषयी अधिक कडक नियम लागू झाले. स्थगितीच्या काळात काही जागांवर झुडपे पुन्हा वाढली.

## प्रभाव व महत्त्व

या वादाचा समाजशास्त्रज्ञांनी व तत्त्वज्ञांनी सविस्तर अभ्यास केला. पॉल गॉब्स्टर व ब्रूस हल यांनी संपादित केलेला 'रिस्टोरिंग नेचर' हा ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पुनर्स्थापन हा केवळ जीवशास्त्राचा विषय नसून त्यात मूल्यांची निवड अंतर्भूत असते, हा त्यातील चर्चेचा एक प्रमुख सूर आहे. पॅकार्ड यांनी कॉर्नेलिया म्युटेल यांच्यासह संपादित केलेली 'द टॉलग्रास रिस्टोरेशन हँडबुक' ही मार्गदर्शिका १९९७ मध्ये निघाली. १९९९ मध्ये शिकागो वाइल्डरनेस आघाडीने संपूर्ण महानगर प्रदेशासाठी जैवविविधता पुनर्प्राप्ती आराखडा तयार केला.

स्वयंसेवी पुनर्स्थापनाची मर्यादाही या प्रकल्पातून स्पष्ट होते. हे काम एकदा करून संपत नाही. पक्षी बकथॉर्नच्या बिया आणत राहतात आणि आग काही वर्षे थांबली की झुडपे परततात. म्हणून प्रत्येक जागेसाठी दीर्घकाळ जबाबदारी घेणारा 'पालक' नेमण्याची पद्धत रूढ झाली. या पालकाला त्या जागेवरील वनस्पती, मागील वर्षांचे प्रयोग व शेजारचे लोक या तिन्हींची माहिती असणे अपेक्षित असते.

## महाराष्ट्रातील तत्सम प्रश्न

गवताळ प्रदेशाला 'बिघडलेले वन' किंवा 'पडीक जमीन' समजण्याची प्रवृत्ती केवळ अमेरिकेपुरती मर्यादित नाही. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळरानांवर व पुण्यासारख्या शहरांतील टेकड्यांवर गिरिपुष्पासारख्या परकी वृक्षांची लागवड झाली आहे. माळढोक, तणमोर, काळवीट व लांडगा हे प्राणी मात्र मोकळ्या माळरानावर अवलंबून असतात. मीड यांच्या यादीप्रमाणे येथेही जुन्या लेखनाचा उपयोग झाला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील व लोकपरंपरेतील वनस्पतींच्या उल्लेखांची छाननी करण्यात आली. पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ सॅव्हाना ही अलीकडच्या जंगलतोडीतून निर्माण झालेली नसून किमान साडेसातशे वर्षे जुनी आहे, असा निष्कर्ष त्यात मांडला आहे. त्यामुळे एखाद्या टेकडीवर झाड लावण्यापूर्वी तेथे मुळात काय होते हे पाहण्याची आवश्यकता अभ्यासक व्यक्त करतात.

## हे सुद्धा पहा

- परिसंस्था
- आक्रमक प्रजाती
- गवताळ प्रदेश
- माळढोक
- अल्डो लिओपोल्ड